चाकाला सुट्टी, बोटाला आराम

प्रश्न : मी दिवसभर संगणकावर मुद्रिते तपासते. माउसचे चाक फिरवून बोट दुखते. उबुंटू २४.०४ वापरते. काय करू? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : तपकीर गल्लीत नवा माउस शोधण्याआधी सेटिंग बदला. लॉगिन करताना ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडा. मग ‘एक्सइनपुट’ या आज्ञेने ‘लिबइनपुट स्क्रोल मेथड एनेबल्ड’ची किंमत ०, ०, १ करा. आता बटण दाबून माउस सरकवला की पान सरकेल. बटण मात्र मधले, म्हणजे चाकाचे, नको. त्याने दुखऱ्या बोटावरच भार येतो. अंगठ्याजवळचे, बहुधा ८ क्रमांकाचे, निवडा. ते नसेल तर उजवे, क्रमांक ३. नुसते क्लिक केल्यास त्याचे नेहमीचे काम चालूच राहते. पुन्हा लॉगिन केल्यावर हे बदल पुसले जातात, म्हणून आज्ञा ‘स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स’मध्ये घाला. दुखणे तरीही टिकले तर डॉक्टरांना दाखवाच.