छत्तीसचा आकडा : जुन्या व्हिडिओ गेमच्या पोटातला गणिताचा तास



मागच्या पालकसभेनंतर आठवीतल्या एका मुलाची आई थांबली. म्हणाली, "मॅडम, आधी हा दिवसभर गेम खेळायचा. आता खेळत नाही, गेम फोडून बघतो. स्क्रीनभर नुसते आकडे असतात. ते हॅकिंग म्हणतात, तेच करतोय का हा? बंद करू का?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. आधी मुलगा नेमकं काय करतोय ते त्याच्याकडून समजून घेतलं आणि त्यातून वर्गात दोन तासिका झाल्या. आजचा पाठ त्याच दोन तासिकांचा आहे. यासाठी संगणक नसला तरी चालेल. चौकटीची वही आणि पेन्सिल पुरेशी आहे.

जुनाच गेम का?

तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात लहान होते त्यांना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवत असेल. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि परत खोचायची! आपल्याकडे मिळणारी ती यंत्रं बहुतेक करून निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम' या यंत्राच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आलं.

त्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात वेगळे गेम मोजकेच असत. बाकी यादीत तोच गेम पुन्हा पुन्हा, फक्त कधी मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारा, तर कधी एखादी गोष्ट बदललेली. म्हणजे कोणीतरी मूळ गेमच्या आत शिरून दोन-चार आकडे बदलले होते. आपण ज्याला आज 'गेम मॉडिफाय करणं' म्हणतो ते आपल्या घरात तेव्हाच येऊन गेलं होतं, आपल्याला कळलं नाही एवढंच.

शिकवायला हे जुने गेम सोयीचे, कारण ते लहान आहेत. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम फक्त ४० किलोबाइटचा आहे. ३२ किलोबाइट सूचना आणि माहिती, ८ किलोबाइट चित्रं. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढी छोटी वस्तू मूल पूर्ण उलगडून बघू शकतं.

आत बघितलं की दिसतात फक्त आकडे. प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ मधली एक संख्या. कुठेही 'हे चित्र', 'हे अक्षर' अशी पाटी लावलेली नसते. त्या आकड्यांवरून मूळ रचना शोधून काढणं, यालाच रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

कृती १ : चौकटीतलं चित्र

त्या यंत्रात प्रत्येक चित्र ८ × ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनतं. मुलांना वहीत आठ ओळी, आठ रकाने आखायला सांगा. भरलेली चौकट म्हणजे १, रिकामी म्हणजे ०. समजा एक ओळ अशी आली : ००११११००. उजवीकडून स्थानिक किंमती १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. म्हणून ३२ + १६ + ८ + ४ = ६०. एक ओळ म्हणजे एक संख्या, आठ ओळी म्हणजे आठ संख्या. आता वही न दाखवता शेजाऱ्याला फक्त त्या आठ संख्या सांगायच्या आणि त्याने चित्र काढायचं. द्विमान पद्धत शिकवायला याहून सोपी युक्ती मला तरी सापडलेली नाही.

खऱ्या गेममध्ये एका तुकड्याला १६ बाइट लागतात. आठ बाइटचा एक थर आणि त्यावर आठ बाइटचा दुसरा थर. दोन्ही थर मिळून प्रत्येक ठिपक्याला ०, १, २ किंवा ३ यांपैकी क्रमांक मिळतो. मुलांना विचारा : ८ किलोबाइटमध्ये असे किती तुकडे बसतील? ८१९२ भागिले १६, म्हणजे ५१२. सगळा मारिओ, शत्रू, विटा, ढग, अक्षरं, सगळं एवढ्यात बसवायचं! म्हणून काटकसर आली. त्या गेममधला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचं चित्र एकच आहे. ठिपक्याला फक्त क्रमांक दिलेला असतो, रंग नंतर भरतात. पांढरा भरला की ढग, हिरवा भरला की झुडूप. हे सांगितल्यावर वर्गात जो "हॅ!" असा आवाज येतो तो ऐकण्यासारखा असतो.

कृती २ : लपलेलं नाव शोधा

आता खरी मजा. फळ्यावर एवढंच लिहा :

८, ३, २२, १०, २७, १८, २४, ३६, ५, ०

आणि सांगा, यात 'मारिओ' हे नाव इंग्रजी अक्षरांत लपलंय. कोणत्या अक्षराला कोणता आकडा दिलाय ते मात्र सांगायचं नाही.

मुलं आधी एम म्हणजे १३ असं धरून १३ शोधतात. सापडत नाही. थोडा वेळ अडू द्या, लगेच मदत करू नका. मग विचारा, "आकडे माहीत नाहीत, पण अक्षरांमधलं अंतर माहीत आहे का?" इंग्रजी वर्णमालेत एम तेरावं, ए पहिलं, आर अठरावं, आय नववं, ओ पंधरावं. म्हणजे एमवरून एवर येताना १२ कमी, मग १७ जास्त, मग ९ कमी, मग ६ जास्त. सुरुवात कुठूनही केली तरी ही अंतरं बदलत नाहीत. आता यादीत बघा : २२ वरून १० (१२ कमी), १० वरून २७ (१७ जास्त), २७ वरून १८ (९ कमी), १८ वरून २४ (६ जास्त). सापडलं!

फळ्यावरची यादी मी पाठासाठी बनवलेली आहे, पण नावाचे पाच आकडे खरोखर त्या गेममधलेच आहेत. जपानी गेमचं हौसेने भाषांतर करणारे लोक नेमकी हीच पद्धत वापरतात. 'मदर ३' हा गेम जपानमध्ये २००६ साली आला, इंग्रजीत अधिकृतपणे आलाच नाही; चाहत्यांनी २००८ मध्ये इंग्रजी भाषांतराची जोड तयार केली.

पुढचा प्रश्न : एम २२ असेल तर ए किती? १०. मग ० ते ९ कशासाठी ठेवले असतील? कोणीतरी पटकन म्हणतंच, "अंकांसाठी!" बरोबर. दहा अंक, मग सव्वीस अक्षरं. ए १०, तर झेड ३५. मग ३६ म्हणजे काय? या गेममध्ये ३६ म्हणजे कोरी जागा. गणिताच्या जोरावर मुलं दाराशी पोचतात, पण दार उघडायला प्रत्यक्ष पडताळावं लागतं. अंदाज आणि पुरावा यातला फरक इथे समजावून सांगा.

मुलं विचारतील, "मारिओच्या जागी माझं नाव घालता येईल का?" येईल, पण पाचच अक्षरांत. रेल्वेच्या पाच जणांच्या बाकावर सहावा बसला तर तो कोणाच्या तरी जागेवर बसतो. सहावं अक्षर शेजारच्या माहितीवर बसतं आणि भलतीच गोष्ट बिघडते.

छत्तीसची गंमत

या गेममध्ये एक प्रसिद्ध चूक आहे. १-२ या टप्प्याच्या शेवटी भिंतीतून विशिष्ट पद्धतीने पलीकडे घुसलं, तर पाइपमधून मारिओ एका विचित्र जगात पोचतो. वर लिहून येतं '-१'. लोक त्याला 'मायनस वर्ल्ड' म्हणू लागले.

ऋण एक नावाचं जग गेममध्ये नाहीच. झालं असं : पाइपवर कोणत्या जगाचा क्रमांक दाखवायचा आणि पाइपमधून कुठे पाठवायचं, या दोन्हींसाठी गेम एकच यादी वापरतो. एका ठिकाणी तीन जागांपैकी फक्त मधल्या पाइपवर ५ दाखवायचा होता, म्हणून दोन्ही बाजूंना कोरी जागा ठेवली. कोरी जागा म्हणजे ३६! भिंतीतून लवकर घुसलं की अजून योग्य यादी निवडलेली नसते, गेम हीच यादी वाचतो आणि मारिओला छत्तीसाव्या जगात पाठवतो. वर '३६-१' दाखवायला जातो, तर ३६ चं चित्र कोरं. उरतं फक्त '-१'.

आपल्याकडे 'त्यांचा छत्तीसचा आकडा आहे' म्हणतात, तेव्हा आपण ३६ ही संख्या वाचत नाही. एकमेकांकडे पाठ केलेल्या ३ आणि ६ चं चित्र वाचतो. गेमचंही तेच झालं. एकच ३६, एकदा चित्र म्हणून वाचला, एकदा क्रमांक म्हणून. या पाठाचा गाभा एवढाच आहे : आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो, वाचणारा तो कसा वाचतो त्यावर अर्थ ठरतो.

कृती ३ : किती जीव उरले?

या यंत्राच्या कामाच्या मेमरीत २०४८ घरं. त्यातल्या एका घरात मारिओचे उरलेले जीव आहेत. ते घर कसं शोधाल? स्क्रीनवर ३ दिसतं म्हणून ३ शोधाल तर फसाल. त्या घरात २ असतं, गेम दाखवताना एक मिळवतो. म्हणून किंमत शोधायची नाही, बदल शोधायचा. एक जीव गेला की बरोबर एकने कमी झालेली घरं ठेवा, बाकी खोडा. पुन्हा एक जीव घालवा, पुन्हा खोडा. यादी झपाट्याने आखडते. वर्गात हे २० वाट्यांत चिंचोके ठेवून करता येतं.

हे योग्य आहे का?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे, टाळू नका. मुलांना तीन गोष्टी वेगळ्या करून सांगा.

एक, आत बघून समजून घेणं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे मिळवलेला प्रोग्राम चालवताना त्यामागची तत्त्वं समजण्यासाठी त्याचं निरीक्षण व अभ्यास करायला मुभा आहे. अमेरिकेत 'गेम जिनी' नावाचं उपकरण आलं होतं. कॅसेट आणि यंत्र यांच्यामध्ये बसून ते आकडे तेवढ्यापुरते बदलायचं. त्यावरून निन्टेन्डोशी खटला चालला आणि १९९२ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल उपकरण विकणाऱ्या कंपनीच्या बाजूने लागला.

दोन, दुसऱ्याचा गेम फुकट उतरवून वाटणं. हे चालणार नाही, गेम कितीही जुना असला तरी. त्या '९९९९ इन १' कॅसेटीही याच प्रकारातल्या. सरावासाठी हौशी लोकांनी बनवून मोकळेपणाने वाटलेले गेम मिळतात, ते वापरा.

तीन, ऑनलाइन गेममध्ये आकडे बदलून इतरांना हरवणं. ही सरळ लबाडी. आणि अनोळखी ठिकाणाहून मोबाइलवर 'मॉड' केलेलं ॲप टाकणं म्हणजे स्वतःच्या घराची किल्ली परक्याला देणं. त्यात आपण काहीच उलगडत नाही, उलट आपणच उलगडले जातो.

त्या आईला काय सांगितलं?

बंद करू नका, जवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. "काय बदललंस?" "हाच आकडा बदलायचा हे तुला कसं कळलं?" "परत पहिल्यासारखं करून दाखवशील?"

पहिल्याचं उत्तर कोणीही देतो. दुसऱ्याचं उत्तर देता आलं तर मूल शिकतंय, नाहीतर कोणाचं तरी बघून नुसतं टाइप करतंय. आणि तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, म्हणजे त्याने हात लावण्याआधी मूळ प्रत जपून ठेवली असेल, तर त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही.

गृहपाठ : इंग्रजीला २६ अक्षरचित्रं पुरली. मराठीसाठी काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरून किती लागतील? 'र्मू' हे अक्षर ८ × ८ चौकटीत बसवून दाखवा. बसत नसेल तर तुम्ही काय तडजोड कराल ते दोन ओळींत लिहा.