कालवडीच्या हाडांचा हिशेब

लोणी, जि. अहिल्यानगर

चि. बाळास,


दोन्ही कालवडी दावं चघळतात, भिंत चाटतात, उकिरड्यावरच्या चिंध्या तोंडात धरतात, असं तू कळवलंस. ही खोड समजून त्यांना मुसकी बांधू नकोस. पोटात जंत असले तरी असं होतं, म्हणून शेण तपासून घे. पण आपल्या भागात त्याच्याच जोडीला स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरताही पाहावी लागते.

दक्षिण आफ्रिकेत 1920 च्या सुमारास अर्नॉल्ड थायलर या पशुवैद्यकाने याचाच छडा लावला. तिथली गुरं रानात पडलेली हाडं चघळत आणि लुळी पडून मरत. गवतात स्फुरद नसल्यामुळे त्यांना हाडांची ओढ लागे आणि हाडांना चिकटलेल्या कुजक्या मांसातलं विष पोटात जाई. हाडांची भुकटी खायला मिळाल्यावर ती ओढ कमी झाली.

प्रवरा खोऱ्यातली काळी जमीन चुनखडीची. स्फुरद तिच्यात चुन्याशी बांधला जातो आणि पिकाला कमी मिळतो. त्यात 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, ऊस वाढला आणि तोडीच्या हंगामात वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, हाच गोठ्याचा चारा झाला. तोडकऱ्यांच्या गाडीवरून पेंढ्या स्वस्तात मिळतात, जनावराचं पोटही भरतं. पण वाढ्यात स्फुरद थोडा, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमलाही धरून ठेवतं. ज्वारीचा कडबाही स्फुरदाच्या बाबतीत तोकडाच.

शरीरातला सुमारे 80 टक्के स्फुरद हाडांत आणि दातांत असतो. म्हणून वाढत्या वयात तो कमी पडला की भूक मंदावते, कालवड खुरटते, माजावर यायला उशीर होतो. पुढे ती व्याली की खर्च आणखी वाढतो. एक लिटर दुधातून साधारण 0.9 ग्रॅम स्फुरद आणि 1.2 ग्रॅम कॅल्शियम बाहेर जातं. म्हणजे 15 लिटर देणारी गाय नुसत्या दुधातून रोज 13 ते 14 ग्रॅम स्फुरद देते. गीर, जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या फुले त्रिवेणीसारख्या दुधाळ गाईला म्हणूनच नुसत्या वाढ्यावर ठेवून चालत नाही.

डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते फायटेज हे विकर गाईंना द्यावं का, असं तू विचारलंस. नको. 25 ते 50 किलोच्या डुकराला खाद्यात सुमारे 0.56 टक्के स्फुरद लागतो. कालवडीचं साधारण 0.3 टक्क्यांत भागतं. शिवाय धान्यातला आणि कोंड्यातला बराचसा स्फुरद फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. डुकराला तो नीट सोडवता येत नाही, म्हणून त्याला फायटेजची मदत लागते. गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव ते काम फुकट करतात. तो पैसा गव्हाच्या कोंड्यात आणि सरकी पेंडीत घाल. दोन्हींत स्फुरद भरपूर आहे.

खनिज मिश्रण घेताना पिशवी उलटून लेबल वाच. मीठ नसलेल्या चांगल्या मिश्रणात स्फुरद 12 टक्के असतो. चुनखडीच्या स्वस्त भुकटीत कॅल्शियम भरपूर, स्फुरद जवळपास शून्य. कालवडीला रोज 25 ते 30 ग्रॅम, दुभत्या गाईला 50 ग्रॅम मिश्रण खुराकात कालवून दे. 50 ग्रॅमांतून 6 ग्रॅम स्फुरद मिळतो. उरलेला चाऱ्यातून आणि पेंडीतून यायला हवा.

हाच कोंडा संगमनेरी बोकडांना मात्र मनमुराद घालू नकोस. कॅल्शियमच्या मानाने स्फुरद जास्त झाला तर त्यांना मुतखडा होतो.

आणि गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर महिन्याभरात कॉफीसारखी लाल लघवी करू लागली तर घरगुती उपायांत दिवस घालवू नकोस. रक्तातला स्फुरद घटून तांबड्या पेशी फुटल्या की असं होतं. गोचीड तापातही लघवी लालच दिसते. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव.

शेणाचा अहवाल आला की कळव. सोबत मिश्रणाच्या लेबलाचा फोटोही पाठव.

तुझा,
काका