संघ निवडण्याआधी नियम लिहून काढा

चांगला चाललेला क्रिकेट क्लब संघनिवडीवरून कसा विस्कटतो, हे मी हिंजवडीत फार जवळून पाहिलं आहे. क्लब आमचाच होता. माण, मारुंजी, वाकडच्या मैदानांवर आज पुन्हा तीच भांडणं कानावर येतात, म्हणून हे लिहितो आहे. नवा क्लब काढणारे, जुना चालवणारे आणि मुलाला क्लबात घालणारे पालक, सगळ्यांनाच यातून काही हाती लागावं.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्क येण्याआधी इथलं क्रिकेट टेनिस बॉलचं असे आणि ते पीक निघालेल्या वावरात चाले. संघ आळीचा किंवा वाडीचा. कोण खेळणार हे पारावर ठरे. मोठ्या घरच्या पोराला तेव्हाही झुकतं माप मिळे. पण निवडणारा आणि वगळलेला संध्याकाळी एकमेकांना भेटणारच असत, त्यामुळे जाब विचारायची सोय होती.

कंपन्या आल्या, वावरं गेली आणि खेळाडूही बदलले. आमच्या लेदर बॉलच्या क्लबात निम्मे गावातले होते आणि निम्मे नोकरीसाठी नागपूर, कोल्हापूर, इंदूर, हैदराबादहून आलेले. सुरुवातीची पद्धत साधी होती. वर्गणी सगळ्यांना सारखी, शनिवारी नेटला येईल त्याला रविवारी संधी आणि मॅट अंथरायला सगळ्यांचे हात. त्या काळात आम्ही जिंकलो तसे हरलोही, पण सामना संपल्यावर चहाला कुणी थांबलं नाही असं कधी झालं नाही.

मग एकेक गोष्ट बदलत गेली. मोकळ्या जागा कमी झाल्या तशी मैदानांची भाडी चढली. कंपन्यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. गावोगावच्या टेनिस लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होऊ लागला, संघमालक आले, मालिकावीराला दुचाकी मिळू लागली. धावफलक मोबाइलवर आला आणि प्रत्येकाला आपली सरासरी तोंडपाठ झाली. यातलं काहीच मुळात वाईट नाही. लिलावामुळे गावातल्या पोरांच्या हाती चार पैसे आले. मोबाइलवरच्या धावफलकामुळे कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या गोलंदाजाची कामगिरी नोंदली जाऊ लागली. पण संघ ही त्या दिवसापुरती जमवायची गोष्ट आहे, असं हळूहळू वाटायला लागलं आणि क्लबचा पाया तिथून खचला.

आमच्याकडे एक प्रायोजक आले. त्यांनी किट दिलं, स्पर्धेचं प्रवेशशुल्क भरलं. पुढे त्यांच्या नात्यातला एक मुलगा सलामीला येऊ लागला. मग बाद फेरीसाठी बाहेरचे पाहुणे खेळाडू आले. याच दरम्यान दुसरा एक अन्याय होत होता आणि त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाची यात्रा असते, बगाड निघतं. त्या आठवड्यात गावातली मुलं खेळायला येऊ शकत नाहीत. त्यांच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा पडला. कंपनीत सॉफ्टवेअरचं रिलीज आहे म्हणून न आलेल्यांना मात्र ‘कामात अडकला’ अशी सवलत मिळाली. संघ निवडणारे स्वतः कंपनीत काम करणारे होते. त्यांना रिलीज कळत होतं, यात्रा कळत नव्हती.

अंतिम सामन्याच्या सकाळी आमचा ऑफस्पिनर नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आला. त्याचा दुधाचा धंदा होता. पहाटेचा रतीब घालून तो थेट मैदानावर येई. त्यानं मॅट ओढली, कडेनं खिळे ठोकले, दोन्ही क्रीज चुन्यानं आखल्या. सगळा हंगाम त्यानं गोलंदाजी केली होती. नाणेफेकीला दहा मिनिटं असताना एका पाहुण्याची गाडी आली आणि आपण आज बाहेर आहोत हे त्याला त्यावरून समजलं. तो काही बोलला नाही. संपूर्ण सामना बसून त्यानं धावफलक लिहिला. तो सामना आम्ही जिंकलो.

पुढच्या हंगामात नेटला माणसंच येईनात. गावातले टेनिस लीगकडे परतले, कंपनीतले आपापल्या ऑफिसच्या संघात गेले. पाहुण्यांना दुसरीकडून बोलावणी आली. प्रायोजकांनी हात आखडता घेतला. चषक राहिला, पण खेळायला अकरा जण जमेनात.

संघनिवडीचा हा प्रश्न पुण्याला नवा नाही. पळवणकर बाळू पूना क्लबात महिना चार रुपये पगारावर खेळपट्टीची कामं करत आणि नेटमध्ये गोऱ्या साहेबांना तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकत. ते दलित असल्यामुळे त्यांना हिंदू संघात घ्यावं की नाही, यावरून पुण्यात वाद झाला. घेतल्यावरही त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा दिला जाई. त्याच बाळूंनी 1911च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळायला 1923 उजाडावं लागलं. त्यांनी सोसलं त्याच्याशी आमच्या क्लबाच्या तक्रारींची बरोबरी होऊच शकत नाही. तरीही एक धडा त्यातून घेण्यासारखा आहे. मैदान तयार करणारा आणि मैदानावर खेळणारा यांच्यात भेद करणारा क्लब आपलंच नुकसान करून घेतो.

आता काय करावं, ते सांगतो.

निकष हंगामाआधी लिहून काढा. साखळी सामन्यांत किती जागा कामगिरीवर आणि किती पाळीनं, हे आधी ठरवा. अकरातल्या आठ कामगिरीवर आणि तीन पाळीनं, अशी विभागणी छोट्या क्लबला झेपते. बाद फेरीत केवळ कामगिरी पाहायची असेल तर तसं स्पष्ट लिहा. पाहुण्या खेळाडूबद्दलही नियम हवा: साखळीत ठरावीक सामने खेळला असेल त्यालाच बाद फेरीत घ्यायचं.

पैसा आणि निवड वेगळी ठेवा. प्रायोजकाचं नाव जर्सीवर घाला, बक्षीस समारंभात त्यांना मान द्या, पण संघात जागा देऊ नका. हिशोब करून पाहा. समजा, एका सामन्याचा आपल्या वाट्याचा खर्च 6,000 रुपये आहे. अकरा जणांनी भरला तर डोई साधारण 545 रुपये येतात. पाहुणा फुकट खेळला तर उरलेल्या दहा जणांना 600 पडतात. म्हणजे आपल्याच मित्राची जागा घेणाऱ्याचा खर्च सभासद भरत असतात. वर्गणी सगळ्यांकडून घ्या, सामन्याचा खर्च खेळणाऱ्यांकडूनच घ्या, विद्यार्थ्यांना सवलत द्या आणि दर महिन्याला हिशोब ग्रुपवर टाका.

निवड एकट्या कर्णधारावर सोडू नका. तिघांची समिती करा: कर्णधार, आता न खेळणारा एक जाणता सभासद आणि सभासदांनी निवडून दिलेला एक जण. आपल्या नात्यातल्याचा विषय निघाला की समितीतल्या माणसानं त्यापुरतं बाजूला व्हावं. समितीत गावातला आणि बाहेरून आलेला, दोन्हीकडचा माणूस हवाच. गावातला एक जरी आमच्या समितीत असता तर यात्रेचा घोळ झाला नसता. गावची यात्रा, गणपती, परीक्षा, कंपन्यांच्या कामाची गर्दी हे सगळं हंगामाच्या सुरुवातीलाच एका तक्त्यावर मांडा आणि त्या दिवसांची गैरहजेरी कुणाच्याच खात्यात धरू नका.

यादी गुरुवारी रात्री लावा. क्रिकेटच्या नियमांतला पहिलाच नियम सांगतो की कर्णधारानं नाणेफेकीआधी आपल्या खेळाडूंची नावं पंचांकडे लेखी द्यायची, आणि त्यानंतर प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही. मैदानावर इतकी शिस्त चालते, तर आपल्याच माणसांना दोन दिवस आधी कळवायला काय हरकत आहे?

वगळलेल्याला यादी लागण्याआधी फोन करा. मेसेज नको. कारण क्रिकेटचं असावं आणि खरं असावं. ‘चेंडू आखूड पडतोय, दोन आठवडे नेटमध्ये टप्प्यावर काम कर, पुढच्या महिन्यात पाहू,’ असं सांगितलं तर माणूस दुखावतो, पण तुटत नाही.

मॅट, चुना, पाणी, धावफलक यांच्या पाळ्या लावा आणि त्या नोंदवा. ज्येष्ठांनीही पाळी चुकवू नये. आकड्यांबाबत मात्र सावध राहा. टर्फवरच्या बॉक्स क्रिकेटमधल्या धावा लेदर बॉलच्या निवडीत धरू नका. मॅटवर चेंडू जास्त उसळतो आणि जास्त वळतो, त्यामुळे तिथले बळी मातीच्या खेळपट्टीवर तितकेच पडतील असं गृहीत धरू नका. समोरचा संघ कसा होता, हे मोबाइलवरची सरासरी सांगत नाही.

वगळल्या गेलेल्या खेळाडूलाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ग्रुपवर राग काढू नका. कर्णधाराला प्रत्यक्ष भेटून ‘मी काय सुधारू?’ असं विचारा. याचं उत्तर दोनदा विचारूनही मिळालं नाही तर दुसरा क्लब शोधा, त्यात कमीपणा नाही.

पालकांची जबाबदारी याहून मोठी आहे. गहुंजेचं स्टेडियम इथून जवळ आहे. सांगवीचा ऋतुराज गायकवाड थेरगावच्या अकादमीत घडला आणि भारताकडून खेळला. साहजिकच या भागातल्या घराघरांत तसं स्वप्न आहे आणि ते असावंच. मात्र स्वप्न विकायला बसलेली माणसंही भेटतात. अमुक रक्कम द्या, मुलाचं नाव संघात घालतो, असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. जन्माचा दाखला खरा द्या. सोळा वर्षांखालच्या गटात क्रिकेट मंडळ हाडांची तपासणी करून वय पडताळतं, आणि खोटं उघडं पडलं तर शिक्षा मुलाला भोगावी लागते. क्लबात नाव घालताना तीन प्रश्न विचारा: गेल्या हंगामात किती सभासद प्रत्यक्ष खेळले, पाहुण्यांबाबत नियम काय आहे, हिशोब कुणाला दाखवला जातो. उत्तरं टाळली गेली तर मैदान कितीही हिरवं असलं तरी तिथं थांबू नका.

पाऊस संपला की नवा हंगाम सुरू होईल. मैदान नोंदवण्याआधी एक बैठक घ्या, हे सगळं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक सभासदाची सही घ्या. मुलगा सभासद असेल तर त्याच्या पालकांचीही घ्या. ज्या क्लबात अकरावा खेळाडू का खेळला आणि बारावा का नाही, हे दोघांनाही माहीत असतं, तो क्लब हरूनही टिकतो.