पोटाच्या डायलिसिसचा महिन्याचा हिशेब

"एक पिशवी कितीला?" एवढं मेडिकलवाल्याला विचारून पोटाच्या डायलिसिसचा खर्च कळत नाही. सीएपीडीमध्ये, म्हणजे घरी हाताने करायच्या पोटाच्या डायलिसिसमध्ये, दिवसातून तीन किंवा चार वेळा पोटातलं जुनं पाणी काढून नवं भरायचं असतं आणि दर वेळी साधारण दोन लिटरची नवी पिशवी लागते. म्हणजे महिन्याला ९० किंवा १२० पिशव्या. पिशवी २५० रुपयांना पडली, तर ९० पिशव्यांचे २२,५०० रुपये होतात. भावात वीस रुपयांचा फरक पडला तरी महिन्याला १,८०० रुपये कमीजास्त होतात. त्यामुळे भाव महिन्याचा मागा आणि दोन-तीन ठिकाणी विचारा. छापील कमाल किंमत हा भाव नव्हे, घासाघीस तिथून खाली सुरू होते.

पिशवीसोबतचा खर्च कोटेशनमध्ये बहुधा दिसत नाही. प्रत्येक वेळी नवी टोपी (मिनिकॅप) लागते. मास्क आणि हात धुण्याचं सामान लागतं. नळीला जोडलेला ट्रान्स्फर सेट साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो. सुरुवातीला पोटात कॅथेटर बसवण्याचं ऑपरेशन असतं. हिमोग्लोबिनची इंजेक्शनं आणि रक्ताच्या तपासण्या पुढे चालूच राहतात. वाहतूकही मोजा. ९० पिशव्यांचं वजन १८० किलोंच्या वर जातं. माल घरपोच येणार की तालुक्याहून टेम्पोने आणायचा, हे आधीच ठरवून घ्या. घाटापलीकडच्या गावात पावसाळ्यात रस्ता बंद होतो, तेव्हा दहा-बारा दिवसांचा साठा हाताशी असलेला बरा.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला तो रक्ताच्या डायलिसिससाठी; पोटाच्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. सूचना निघणं आणि तुमच्या जिल्हा रुग्णालयात पिशव्या मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा जाऊन विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दोन स्वतंत्र प्रश्न विचारा: कॅथेटरचा खर्च बसतो का, आणि घरी लागणाऱ्या पिशव्या बसतात का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं गृहीत धरू नका. खासगी विमा असेल तर कंपनीचं उत्तर लेखी घ्या. प्राप्तिकरात कलम ८०डीडीबी म्हणून ओळखली जाणारी सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. तिची मर्यादा ४०,००० रुपये आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाख. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. बिलं फेकू नका.

घासाघीस भावात करा, पिशव्यांच्या संख्येत नाही. महिनाअखेरीस पैसे कमी पडले की काही घरांत दुपारची पिशवी गाळली जाते. पाणी आणि विषारी द्रव्यं अंगात साठतात आणि रुग्ण धाप लागलेल्या अवस्थेत दवाखान्यात पोचतो. टोपी दुसऱ्यांदा वापरणं तर सरळ जंतूंना आमंत्रण. पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग झाला की अ‍ॅडमिशन आणि अँटिबायोटिक आलीच, वेळप्रसंगी कॅथेटरही काढावा लागतो. टोपीत वाचवलेले पैसे तिथे कितीतरी पटींनी जातात. सलाइनची बाटली स्वस्त पडते म्हणून ती पोटात सोडायची नाही; हा द्राव वेगळाच असतो, आणि तो शिरेतूनही द्यायचा नाही.

पिशवी उघडण्याआधी मुदत, साखरेची टक्केवारी आणि गळती पाहा. आत पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. बाहेरच्या वेष्टनात थोडे थेंब असतात, त्याने घाबरू नका. पिशवी दाबल्यावर पाणी आलं तर मात्र ती बाजूला ठेवा. पंखा बंद, दार-खिडक्या बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने धुऊन कोरडे केलेले. द्राव कोमट हवा, पण त्यासाठी पिशवी गरम पाण्यात बुडवू नका, कारण तोंडाशी ओल राहिली की जंतू आत जातात. मायक्रोवेव्हही नको. एक भाग कोमट आणि दुसरा चटका देणारा, असं त्यात होतं. कोरड्या उष्णतेचा वॉर्मर घ्या. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याखालच्या खोलीत उन्हाळ्यात खोके ठेवू नका. घरातली सगळ्यात थंड, कोरडी खोली त्यांना द्या.

पिशव्या दीड, अडीच आणि सव्वाचार टक्के साखरेच्या मिळतात. जितकी साखर जास्त, तितकं अंगातलं पाणी जास्त ओढलं जातं. सूज दिसली म्हणून मनाने सव्वाचारची लावू नका: दोन लिटरच्या त्या पिशवीत ८५ ग्रॅम साखर असते, आणि तिचा बराच भाग शरीर शोषतं. जुलाब-उलट्या चालू असताना तर रक्तदाब कोसळू शकतो. रोजचं वजन, रक्तदाब आणि किती पाणी निघालं ते वहीत लिहा आणि वही डॉक्टरांना दाखवा. मधुमेही रुग्णाला आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी लावली असेल, तर काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या साखर खोटी वाढलेली दाखवतात आणि त्यावरून इन्सुलिन वाढवलं तर जिवावर बेतू शकतं. पट्टी कोणती चालेल, ते आधी विचारून घ्या.

निघालेल्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता येत नसतील, पाणी ताकासारखं गढूळ असेल, पोट दुखत असेल किंवा ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता फोन करा आणि ती पिशवी न ओतता सोबत न्या. त्यातल्या पेशी मोजूनच निदान होतं. त्यामुळे आपल्या युनिटमध्ये रात्री कोण फोन उचलतं, हे सुरुवातीलाच विचारून नंबर खोक्यावर लिहून ठेवा.