लॅपटॉपला बाहेरचं ग्राफिक्स कार्ड

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला थंडरबोल्ट पोर्ट नाही. व्हिडिओ एडिटिंगसाठी जुनं जीटीएक्स १६५० कार्ड बाहेरून जोडता येईल का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : येईल, पण आधी मागचं झाकण उघडून एम.२ स्लॉट पाहा. तो एनव्हीएमईचा असेल तर त्यात कार्ड जोडायचा अडॅप्टर बसतो आणि पीसीआय एक्सप्रेसच्या बहुधा चार लेन मिळतात; नुसता साटाचा असेल तर कार्ड दिसणारच नाही. एकमेव स्लॉट एसएसडीने अडवला असेल, तर विंडोज साटा ड्राइव्हवर हलवावी लागेल. वायफायच्या स्लॉटवरही अडॅप्टर बसतो, मात्र लेन एकच. एडिटिंगसाठी तो घेऊ नका.

तिसऱ्या पिढीच्या चार लेनमधून सेकंदाला सुमारे ४ जीबी डेटा जातो. तुमच्या कार्डाला तेवढा पुरे. मॉनिटर थेट कार्डालाच जोडा, कारण चित्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर परत आणलं तर हीच वाट अडते.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. कार्ड ७५ वॅटचं असलं तरी त्याला वीज पुरवणारा एसएमपीएस नामांकित कंपनीचा घ्या, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि चालू असताना केबल कधीही काढू नका. धुळे-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उघडं कार्ड भिंतीपासून दूर ठेवा आणि पंख्यातली धूळ दर महिन्याला ब्रशने काढा.