माती शाळा : चार मीटर खचलेली जमीन



माती परीक्षणाची कार्डं हातात आली की एक प्रश्न हमखास येतो: "सेंद्रिय कर्ब ०.४ आलाय. आधीचा गेला कुठं?" आजचा पाठ त्यावरच आहे. उदाहरण मात्र लांबचं घेतलंय, इंग्लंडचं. कारण तिथं मातीतला कर्ब गेलेला डोळ्यांनी दिसतो आणि टेप लावून मोजता येतो.

*१) सेंद्रिय जमीन म्हणजे काय?*

रोपवाटिकेतलं कोकोपीट तुम्हाला माहीत आहे. तो नारळाच्या काथ्याचा भुसा. खरं पीट वेगळं. दलदलीत गवत, शेवाळ मरतं, पण पाण्याखाली हवा नसल्यानं ते पूर्ण कुजत नाही. थरावर थर साचत जातो. एक मीटर थर साचायला साधारण हजार वर्षं लागतात. अशा जमिनीत सेंद्रिय कर्ब १२ टक्क्यांच्या वर असतो. आपल्याकडं १ टक्का आला तरी पेढे वाटावेत!

आपली काळी जमीन रंगानं काळी असली तरी ती सेंद्रिय जमीन नव्हे. ती चिकणमातीची जमीन आहे.

*२) इंग्लंडमध्ये काय झालं?*

पूर्व इंग्लंडात फेन्स नावाचा मोठा दलदलीचा पट्टा होता. १६३० च्या दशकात व्हर्मायडन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली तिथं सरळ कालवे खोदून पाणी समुद्राकडं काढायला सुरुवात झाली. जमीन उघडी पडली, पिकं जोमात आली. पण काही वर्षांत जमीन खाली बसू लागली आणि पाणी पुन्हा शेतात साचू लागलं.

मग पाणी उपसायला पवनचक्क्या आल्या. जमीन आणखी बसली. १८२० च्या दशकापासून वाफेची इंजिनं आली, पुढं डिझेलचे आणि विजेचे पंप. प्रत्येक वेळी पाणी खोल काढायचं आणि प्रत्येक वेळी जमीन त्याच्या मागोमाग खाली जायची. आज तिथं कित्येक ठिकाणी नदी उंचावर, बांधांच्या मधून वाहते आणि शेत तिच्या खाली आहे.

१८५१ मध्ये तिथलं व्हिटल्सी नावाचं मोठं तळं उपसलं. जमीन बसणार हे जाणकारांना ठाऊक होतं. म्हणून जवळच होम फेन इथं एक लोखंडी खांब खालच्या पक्क्या चिकणमातीत आधार देऊन उभा केला. खांबाचा माथा तेव्हा जमिनीच्या बरोबरीला होता. पहिल्या दहाएक वर्षांतच तो सुमारे दीड मीटर उघडा पडला. आज तो जवळपास *४ मीटर, म्हणजे १३ फूट* जमिनीच्या वर आहे. खांब जागचा हलला नाही, जमीन खाली गेली.

*३) जमीन गेली कुठं?*

⚫ पाणी निघालं की ओला थर आधी स्पंजासारखा आकसतो.
⚫ मग मातीत हवा शिरते. जिवाणू साचलेला कर्ब खातात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो.
⚫ वरची कोरडी, भुसभुशीत माती वाऱ्यानं उडते.

हजार वर्षांत साचलेला थर असा शंभर-दीडशे वर्षांत संपतो.

*४) नकाशातली मेख*

अशा निचरा केलेल्या सेंद्रिय जमिनीचं क्षेत्र किती, याचा हिशेब बरेच देश ठेवतात. त्यातून किती वायू हवेत जातो, हे त्यावरून काढतात. पण क्षेत्र कमी झालेलं दिसलं म्हणून सुधारणा झाली असं समजू नका. कर्ब जळून थर पातळ झाला आणि खालची चिकणमाती नांगराला लागली, की ती जमीन 'सेंद्रिय' यादीतून आपोआप गळते. कर्ज फिटलं म्हणून खातं बंद होणं वेगळं, आणि ठेव संपली म्हणून बंद होणं वेगळं.

होम फेनच्या परिसरात २००१ पासून काही हजार हेक्टरवर पुन्हा ओलावा आणायचं काम सुरू आहे. पाण्याची पातळी वर ठेवली की उरलेला थर टिकतो. गेलेला मात्र आपल्या हयातीत परत येत नाही.

*५) आपण काय घ्यायचं?*

❗ *गैरसमज नको:* निचरा वाईट, असा याचा अर्थ नाही. ऊस पट्ट्यातल्या चिबड आणि क्षारपड जमिनीला निचरा हवाच. ती चिकणमातीची जमीन आहे, पीटसारखी खचत नाही. चर किंवा पाइप टाकायचं ठरवलं असेल तर थांबू नका.

धडा कर्बाचा आहे. एक एकरात वरच्या सहा इंचांत साधारण ९ लाख किलो माती असते. कर्ब ०.५ टक्का म्हणजे फक्त साडेचार टन. फेन्सवाल्यांकडं मोठी ठेव होती, ती संपायला पिढ्या गेल्या. आपलं खातं आधीच तळाला आहे.

✅ पाचट, धसकटं, काड पेटवू नका. पाचट सरीत दाबा.
✅ गरज नसताना खोल नांगरट नको. जितकी माती उलथी, तितकी हवा आत आणि कर्ब बाहेर.
✅ ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येताना गाडा.
✅ शेणखत चांगलं कुजलेलंच टाका आणि लगेच मातीआड करा. उन्हात ढीग पसरून ठेवू नका.
✅ माती परीक्षण दर दोन-तीन वर्षांनी, त्याच शेतातून, त्याच हंगामात करा. तरच आकडे एकमेकांशी ताडता येतात.

*आजचं काम:* जुनं आणि नवं कार्ड शेजारी ठेवा आणि सेंद्रिय कर्बाचे दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहा. फेन्सला लोखंडी खांब आहे. आपला खांब म्हणजे ही वही.

शंका असल्यास याच नंबरवर आवाजी संदेश पाठवा. 🌱