बारा आणि पंधरा नंबरची पिन

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि शहापूर-मुरबाडकडच्या दुकानांतल्या जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स टाकून द्यायचं माझं काम वाढलं. त्यात एक तक्रार हमखास येते: "स्क्रीन पसरट दिसते, ड्रायव्हर बसला नाही." मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा, पण सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वर काही मिळतच नाही. गोल चिन्हं लंबगोल होतात, अक्षरं आडवी फुगतात.

सरळगावच्या एका झेरॉक्सच्या दुकानात यापायी कुणीतरी अख्खी डिस्क फॉरमॅट केली होती. गिऱ्हाइकांचे बायोडेटे, लग्नपत्रिकांच्या फायली, सगळं गेलं. स्क्रीन होती तशीच पसरट, कारण दोष व्हीजीए केबलीत होता.

मॉनिटर आपली माहिती स्वतःच कॉम्प्युटरला देतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ माहिती अवघी १२८ बाइटची. ती केबलीतल्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. चित्राच्या पिना वेगळ्या. त्यामुळे या दोन मेल्या तरी चित्र येत राहतं आणि केबलीवर कुणाचा संशय जात नाही. ड्रायव्हरला माहितीच मिळाली नाही, तर तो बेताचं रिझोल्यूशन धरून बसतो. त्यात त्याची काय चूक?

केबल काढून टोक उजेडात धरा. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी दिसतील. शेवटच्या ओळीत या दोन्ही असतात. वाकलेली असेल तर दिसतेच. मधल्या ओळीतली नऊ नंबरची पिन मात्र बऱ्याच केबलींत मुळातच नसते, ती नाही म्हणून घाबरू नका. शाळांत प्रोजेक्टरसाठी मध्ये लावलेला स्प्लिटर किंवा स्वस्त कन्व्हर्टरही ही माहिती अडवतो. तो काढून मॉनिटर थेट जोडा.

केबल चांगली निघाली, तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये 'नोमोडसेट' हा शब्द उरलाय का पाहा. लिनक्स टाकताना पडदा काळा राहिला की तो घालतात आणि मग काढायचा विसरतात. तो असेपर्यंत खरा ड्रायव्हर कामालाच लागत नाही. शब्द काढल्यावर ग्रब अपडेट करून मशीन पुन्हा चालू करा.

मॉनिटरमधली ईडीआयडीची चिपच गेली असेल, तरच एक्सरॅंडर या कमांडने रिझोल्यूशन हाताने घाला. ते वेलँड या डिस्प्ले पद्धतीवर चालत नाही, लॉगिन करताना जुनी एक्सऑर्ग पद्धत निवडावी लागते. आणि रीस्टार्टनंतर पुसलं जातं, म्हणून कायमचं हवं तर ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत लिहिता येतं. एक्सरॅंडरसाठी सीव्हीटी या कमांडला आकडे विचाराल तर तो १३६६ ऐवजी १३६८ देईल, कारण त्याला आठाच्या पटीतली रुंदी लागते. दोन ठिपक्यांसाठी डोकं खपवू नका.

आणि मला फोन करण्याआधी शेजारच्या कॉम्प्युटरची केबल एकदा लावून बघा.